जोडसायकल

रविवारी पहाटे पाचला लूकसकाका
फाटकाशी उभे असतात, हेल्मेट आधीच चढवलेलं,
खिशात राजगिऱ्याच्या दोन वड्या. एक माझी.
टेलिफोन एक्स्चेंजात अठ्ठावीस वर्षं
आवाजावरून माणसं ओळखली,
आता पोटऱ्यांवरून रस्ते ओळखतात.

मी पुढे, ते मागे. हँडल माझं, ब्रेक माझे,
गिअर मात्र विचारून बदलायचे असा करार.
कोंढवा अजून झोपलेला. येवलेवाडीत
दुकानांबाहेर मार्बलच्या फरश्या उभ्या,
काका म्हणतात, "डावीकडे दगड आहे ना? गार लागतंय."

बोपदेवचा चढ लागला की बोलणं बंद.
एका साखळीत दोघांचा दम.
त्यांचा जोर माझ्या तळपायाशी येतो,
दोराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे
हे रहाट ओढताना कळावं, तसा.
पहिलं वळण सोपं. दुसरं फसवं.
तिसऱ्यावर ते पुटपुटतात, "नऊ टक्के,"
आणि माझ्या मीटरवर नऊच असतात.
एकदा आठ पॉइंट आठ होते,
तर म्हणाले, मीटर दुरुस्तीला टाक.

माथ्यावर पाणी पिऊन झालं की
मी सांगायचं, त्यांनी ऐकायचं.
"टेकड्याच टेकड्या. चुरगळून टाकलेल्या घोंगडीसारख्या."
"घोंगडी ठाऊक आहे. रंग सांग."

नवव्या वर्षी ताप आला.
त्याच्या अलीकडचे रंग तेवढे शिल्लक:
पाटी, खडू, शाळेची खाकी चड्डी,
आईच्या लुगड्याचं जांभळं.
एवढ्यातच मला पुरंदर तालुका भागवावा लागतो.
पाटीच्या रंगाचा कडा. खाकी गवत.
सीताफळाच्या बागांना काय म्हणू?
हिरवा त्यांच्याकडून हरवलाय.
मी म्हणते, "बागा आहेत,"
ते म्हणतात, "वास आला."

भिवरीपासून रस्ता खाली-वर, खाली-वर.
उतारावर कमावलेलं
पुढच्या चढाला अर्धंच पुरतं,
उरलेलं पायांनी भरायचं.
कुणाच्या तरी गोठ्यापाशी तेच कुत्रं,
तेवढ्याच अंतरापर्यंत पाठलाग करून परत जाणारं.
काका त्याला नावाने हाक मारतात.
नाव त्यांनीच ठेवलंय. ट्रंककॉल.

चांबळीच्या पुढे उजव्या हाताला एक टेकडी आहे.
होती.
दिवाळीपासून तिथे जेसीबी.
अर्धी पोखरून झाली, आतून पांढरी निघाली,
मुरुमात चुनखडीचे थरच्या थर.
वर फलक: बंगलो प्लॉट, सुलभ हप्ते.
आणि दिवाळीपासून दर रविवारी
मी म्हणत आलेय,
"पाटीच्या रंगाची, वर खाकी गवत, बाकी सगळं तसंच."

आज काका म्हणाले, "थांब जरा."
एक पाय जमिनीवर टेकला,
जीभ बाहेर काढली, लहान मुलासारखी.
"खडू," म्हणाले.
मग गाल वाऱ्याकडे केला.
"इथला वारा वळसा घालून यायचा.
आता थेट येतो. किती गेली?"

"अर्ध्याहून जास्त."

"मला वाटलंच," ते म्हणाले.
"दिवाळीपासून तू इथे आलीस की
जरा भरभर सांगतेस."

एक डंपर गेला. माझ्या दाढा कचकचल्या.
त्यांनी वडी काढली, कागद सोडवला,
वडीवर बसलेली धूळ फुंकली,
माझा हात शोधून त्यावर ठेवली.

सासवडला चहा. परतीला दिवे घाट,
उतार लांबलचक, वळणांवर ट्रक.
मी दोन्ही ब्रेक दाबून,
मागे काकांचं ओझं, पूर्ण, बिनधास्त,
वळणाला माझ्याबरोबर कलणारं.
खाली तलाव दिसला. मी काहीच बोलले नाही.
"आज पाणी किती?" त्यांनी विचारलं.

मी सायकल कडेला घेतली,
नीट बघितलं.
"काठ उघडे पडलेत," म्हटलं.
"मधे थोडं आहे. पाटीसारखं.
ओल्या फडक्याने पुसलेल्या."